बीज किती आणि कसे

पेरणीआधी जाणता शेतकरी बियाणे तपासून घेतो. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळायचे, काही दिवसांनी मोड आलेले मोजायचे. स्त्रीबीजाचे तसे करता येत नाही. ते उगवेल का, हे कळायला ते वापरूनच टाकावे लागते.

मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बायकांना एएमएच नावाची रक्ततपासणी सांगतात. माझ्या भाचीचा तो आकडा कमी आला. वय अवघे २९. सासरी लगेच बोलणे झाले, 'हिचं बीजच खराब!' जावयाची तपासणी तोवर कुणी केलीच नव्हती, ते असो. मी कवी माणूस, शिक्षण बी. ए.; पण चुकीचा शब्द मला टोचतो. म्हणून वाचायला बसलो.

एएमएच हे संप्रेरक अंडाशयातल्या बारीक पुटिकांमधून रक्तात येते. पुटिका जास्त, तर आकडा जास्त. म्हणजे कणगीत दाणे किती उरलेत, याचा हा अंदाज. आयव्हीएफमध्ये इंजेक्शने दिल्यावर साधारण किती बीजे हाती लागतील, हे त्यावरून कळते. दाणा कसा आहे, याबद्दल मात्र तो मुका. अमेरिकेत सुमारे ७५० स्त्रियांची पाहणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या या तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांत, एएमएच कमी असलेल्यांना नैसर्गिक गर्भधारणेत काही उणे पडले नाही.

मग गुण कशात? मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सारी बीजे तयार होतात. जन्मताना १० ते २० लाख, वयात येताना तीन-चार लाख. त्यांतली पक्व होऊन सुटतात जेमतेम चार-पाचशे. प्रत्येक बीज विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबलेले असते. चाळिशीतल्या बाईचे बीज चाळीस वर्षे तसेच थांबलेले! एवढ्या काळात गुणसूत्रांना बांधून ठेवणारी प्रथिने झिजतात, गाठी सैल होतात आणि वाटणीत २३ ऐवजी २२ किंवा २४ गुणसूत्रे येतात. असा गर्भ बहुधा रुजत नाही, रुजला तरी बऱ्याचदा पडतो. म्हणून बीजाच्या गुणाची सर्वांत भरवशाची खूण आजही वयच.

शास्त्रज्ञ बीजाभोवतीच्या पेशींत, पुटिकेतल्या द्रवात नवी खूण शोधताहेत. प्रयोगशाळेत गर्भाच्या काही पेशी काढून गुणसूत्रे मोजताही येतात. पण ती गर्भाची तपासणी, बीजाची नव्हे.