रात्रीची लाईट आणि पहाटेचे सोळाशे मीटर

रब्बीत शेतीपंपाची लाईट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावांत रात्रपाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला घरातलं तरुण पोरगंच शिवारात जातं. मध्यरात्र उलटेपर्यंत दारं धरायची आणि पहाटे पोलीस भरतीच्या सरावाला डांबरी रस्ता गाठायचा. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे, त्यामुळे वर्दी इथल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली. त्यांच्या जिद्दीचं कौतुक गावभर होतं. झोपेची चौकशी सहसा कुणी करत नाही.

पोलीस शिपाई भरतीत मुलांनी 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत संपवलं, तर पूर्ण 20 गुण मिळतात. पुढे गुण घसरत जातात. आता हा प्रयोग पाहा. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाच्या संशोधकांनी 11 जणांना ट्रेडमिलवर अर्धा तास जमेल तितकं पळायला लावलं. झोप झालेली असताना सरासरी अंतर भरलं 6,224 मीटर, रात्रभराच्या जागरणानंतर 6,037. म्हणजे तीन टक्के घट. हृदयाच्या कामात फारसा फरक नव्हता. पळणाऱ्यांना दोन्ही वेळा दमणूक सारखीच वाटली, पाय मात्र कमी पळाले होते. हीच तीन टक्के घट आपल्या 1600 मीटरला लावली, तर नऊ-दहा सेकंद जातात. हिशेब ढोबळ आहे, पण भरतीत मुलं एकेका गुणाने मागे पडतात.

गोळाफेकीसारख्या एका झटक्याच्या जोराला एका जागरणाने सहसा मोठा धक्का बसत नाही. त्यामुळेच ‘आपल्याला चालतं’ असा समज पक्का होतो. खरं नुकसान आठवड्यांच्या जागरणाने होतं. शरीराची झीज भरून काढायला मदत करणारं वाढीचं संप्रेरक मुख्यतः सुरुवातीच्या गाढ झोपेत स्रवतं. शिकागोतल्या एका अभ्यासात तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तेव्हा त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. अमेरिकेत 112 शालेय खेळाडूंची पाहणी झाली. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत दुखापतीचं प्रमाण 1.7 पट आढळलं. नडगी धरून बसलेल्या मुलाला आपण नवे बूट घ्यायला सांगतो. रात्री किती झोपलास, हेही विचारायला हवं.

उलट बाजूही तपासली गेली आहे. स्टॅनफर्डच्या 11 बास्केटबॉलपटूंनी पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात घालवायचं ठरवलं. त्यांची छोटी धाव 16.2 सेकंदांवरून 15.5 वर आली. तुलनेला दुसरा गट नव्हता, तरी दिशा स्पष्ट आहे.

म्हणून रात्रपाळीच्या दिवसांत पहाटेची धाव संध्याकाळी न्यावी, दुपारी अर्धा तास पाठ टेकावी. चाचणीच्या आदल्या रात्री धास्तीने डोळा लागत नाही, तेव्हा आधीचा आठवडाभर तरी पोटभर झोपावं. आणि लांबून येऊन मैदानाबाहेर फुटपाथवर रात्र काढणाऱ्या उमेदवारांसाठी शहरातल्या शाळांचे वर्ग त्या रात्रीपुरते उघडावेत. शेताला दिवसा वीज मिळावी ही मागणी जुनीच आहे. ती करताना या मुलांच्या झोपेचाही हिशेब मांडायला हवा.