जव्हार-मोखाडा भागातील दूरचित्रवाणी : अँटेनाची निवड

केबलची मासिक वर्गणी न भरता दूरचित्रवाणी पाहावयाची, तर कोणता अँटेना घ्यावा, हा प्रश्न जव्हार व मोखाडा तालुक्यांत मुख्यतः भूरचनेचा आहे. मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. जमिनीवरील मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी सामान्यतः सरळ रेषेत जातात. डोंगर आड आला की त्यामागील पाडा त्यांच्या छायेत राहतो. पुढे दूरदर्शनने जुन्या पद्धतीची बहुतेक भूप्रक्षेपण-केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली.

केबलची अडचण निराळी. तार घरोघर न्यावी लागते. विखुरलेल्या पाड्यांतील थोड्या घरांसाठी तो खर्च परवडत नाही.

राहता राहिली तबकडी. लोकभाषेत 'अँटेना' म्हणजे दांड्यांचा सांगाडा आणि 'डिश' म्हणजे तबकडी. शास्त्रदृष्ट्या दोन्ही अँटेनाच होत. २००४ साली आरंभ झालेल्या व आज 'डीडी फ्री डिश' या नावाने चालणाऱ्या सेवेस मासिक शुल्क नाही; तीवर सह्याद्री वाहिनीही मिळते. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. जव्हारहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर येतो. इतक्या उंचावरून येणाऱ्या लहरींना डोंगर क्वचितच अडवितो; जवळचे झाड मात्र अडवू शकते. मुसळधार पावसात या लहरी क्षीण होतात, आणि बातमीची निकड अधिक असते नेमके तेव्हाच चित्र जाते. यास्तव आग्नेयेचे आकाश मोकळे पाहून तबकडी घट्ट बसवावी, आणि पावसाळ्यासाठी घरात रेडिओही असू द्यावा, हेच इष्ट होय.