मागूरच्या पिलांना चार बोटे पाणी

साखरखेर्ड्यासारख्या गावात उन्हाळ्यात हंडे मोजावे लागतात, आणि तिथे मासे वाढवायचे? हसू नका हं मैत्रिणींनो! देशी मागूर, तो मिशीवाला मासा, थोड्या पाण्यातही तग धरतो. कारण तो वर येऊन हवा गिळतो.

नाजूक असतात ती त्याची पिले. पहिले तीन-चार दिवस ती पोटाखालच्या बलकावरच निभावतात. १०-१२ दिवसांची झाली की हवेसाठी वर धडपडू लागतात. पाणी खोल असले तर वर-खाली करून बिचारी दमतात नि तळाशी मरून पडतात. मासा पाण्यात गुदमरतो, खरे वाटते का? म्हणून पाणी चार-पाच बोटेच ठेवायचे.

टाकी गोल बरी. कोपऱ्यात खरकटे साचून कुजत नाही. नळीला बारीक भोके पाडून पाणी झारीसारखे, कडेने तिरपे सोडा. धार जोराची नको, पिले पोहण्यातच थकतात. मधल्या निकासाला बारीक जाळी बसवा आणि ती रोज घासा. तुंबली की टाकी वाहते, पिले मोरीत!

बीज घेताना मात्र नीट चौकशी करा. ‘थाई मागूर’ म्हणून खपवतात तो आफ्रिकी मासा, त्यावर २००० सालापासून बंदी आहे.