खड्डे मोजून जमिनीचं वय : ग्रहांचं भूशास्त्र

ग्रहांची नावं, कुणाला किती उपग्रह, कोण मोठा कोण लहान हे तुम्ही पाठ करता. परीक्षेत बहुतेक वेळा तेवढंच विचारतात, त्यामुळे तुमचा काही दोष नाही. पण "चंद्राचा हा भाग जुना, तो भाग नवा" असं शास्त्रज्ञ सांगतात तेव्हा एक प्रश्न पडायलाच हवा. इतक्या लांबून हे कळलं कसं?

चला, आधी एक प्रयोग करू. घरातली जुनी परात घ्या. तिच्यात पांढऱ्या रांगोळीचा बोटभर थर द्या आणि वर विटेचा बारीक भुगा पातळसा पसरा. आता हात उंच धरून एक खडा सोडा. खड्डा पडेल, त्याचा काठ थोडा वर येईल आणि खालची रांगोळी उडून चहूकडे पांढऱ्या रेषा उमटतील. चंद्राच्या दक्षिण भागात टायको नावाचं विवर आहे. पौर्णिमेला दुर्बिणीतून पाहिलं तर त्याच्याभोवती अशाच रेषा दिसतात. खूप जुन्या विवरांच्या रेषा काळाच्या ओघात फिक्या होत जातात. टायकोच्या अजून ठळक आहेत, म्हणजे ते त्यामानाने तरुण.

आता परातीत सगळीकडे दहा-बारा खडे टाका. मग अर्धी परात तळहाताने सपाट करा आणि पुन्हा दोन्हीकडे चार-पाच खडे टाका. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाला आत बोलवून विचारा, कोणती बाजू मध्येच सारवली? तो खड्डे मोजून लगेच सांगेल. ग्रहांचं भूशास्त्र अभ्यासताना हीच युक्ती वापरतात. जिथे खड्डे जास्त ती जमीन जुनी, जिथे कमी तिथे मध्यंतरी कुणीतरी सारवलंय! कधी लाव्हा, कधी बर्फ, कधी वारा-पाणी.

चंद्रावर आपल्याला जो ससा दिसतो ना, तो असाच सारवलेला भाग. मोठमोठ्या जुन्या खड्ड्यांत लाव्हा भरला, थिजला आणि त्याचा काळा बेसॉल्ट झाला. आजूबाजूचा उजळ डोंगराळ भाग त्याहून जुना आहे, म्हणून तिथे खड्ड्यांची नुसती दाटी.

पण खड्डे मोजून फक्त आधी कोण आणि नंतर कोण एवढंच कळतं. नेमकी किती वर्षं, हे सांगायला दगड हातात लागतो. १९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या सहा मोहिमांनी चंद्रावरून सुमारे ३८२ किलो दगड-माती आणली. शेवटच्या मोहिमेत हॅरिसन श्मिट हा चक्क भूशास्त्रज्ञच चंद्रावर उतरला होता. प्रयोगशाळेत या दगडांची वयं काढली. अपोलो ११ ने आणलेले बेसॉल्ट ३५० कोटी वर्षांहून जुने निघाले. मग अमुक वयाच्या जमिनीवर इतके खड्डे, असा हिशोब बसला आणि तोच थोडाफार बदलून इतर ग्रहांना लावतात. गुरूच्या कॅलिस्टो या उपग्रहावर खड्ड्यांवर खड्डे आहेत. त्याच गुरूच्या आयोवर मात्र आदळून झालेला एकही खड्डा सापडलेला नाही, कारण तिथले ज्वालामुखी आजही जमीन सारवतायत.

इथे एक हुशार विद्यार्थी विचारेल, "सर, खड्डा ज्वालामुखीचाही असू शकतो ना?" अगदी बरोबर! हा वाद खरोखर झाला, आणि आपल्याच महाराष्ट्रातल्या एका विवराबद्दल झाला. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. विष्णूने लवणासुराला मारलं ती ही जागा, असं गावातले लोक सांगतात. आपलं दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं, म्हणून लोणारही ज्वालामुखीचं तोंड असेल असं अनेकांना वाटायचं. तळाशी छिद्रं घेऊन दगड तपासले, तेव्हा त्यात मॅस्केलिनाइट मिळालं. बेसॉल्टमधलं एक खनिज प्रचंड धक्क्याने, न वितळताच, काचेसारखं होतं, ते हे. असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही, वरून आदळणारी अशनीच देऊ शकते. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. बेसॉल्टमध्ये पडलेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत आणि चंद्र-मंगळावर बेसॉल्ट भरपूर आहे, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात. मला विचाराल तर आपल्या पुस्तकांत लोणारला मिळते त्याहून बरीच जास्त जागा मिळायला हवी.

गंमत म्हणजे हे मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या दगडात. तो दगड मंगळावरून आलेला होता! त्याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका अशनीत अडकलेला वायू, वायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला, तेव्हा हे नातं पक्कं झालं.

चांद्रयान-३ आठवतंय ना? २३ ऑगस्ट २०२३ ला ते दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात उतरलं. प्रज्ञान रोव्हरने तिथल्या मातीतली मूलद्रव्यं तपासली. ती अनॉर्थोसाइट या फिकट खडकाशी जुळणारी निघाली. सुरुवातीला अख्खा चंद्र वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, हलकी खनिजं सायीसारखी वर तरंगली आणि त्यांचं कवच झालं, असं मानतात. अपोलोचे दगड विषुववृत्ताच्या आसपासचे होते. आता इतक्या दक्षिणेकडेही तोच पुरावा मिळाला.

तरी हातात दगड असूनही सगळं सुटतं असं नाही. लोणारचं वय एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं येतं, तर दुसरीने ५ लाख ७० हजार!

शाळेची सहल लोणारला नेणार असाल तर मुलांना आधी काठावर थांबवा. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे आणि काही ठिकाणी खडकांचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. परातीतला उचललेला काठ आठवायला सांगा. दगड मात्र खिशात घालू देऊ नका, ते अभयारण्य आहे.