वराहपालनातील पहिले चोवीस तास

अल्प भांडवलात व थोड्या जागेत उत्पन्न देणारा जोडधंदा म्हणून वराहपालनाकडे पाहिले जाते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९० लाख ६० हजार वराह होते. त्यांपैकी सुमारे २१ लाख एकट्या आसाम राज्यात होते. राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१ मध्ये पुनर्रचना झाली, तेव्हा वराह प्रजनन केंद्रांच्या भांडवली खर्चासाठी ५० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. तथापि, गोठा बांधला आणि जातिवंत जनावरे आणली, एवढ्याने धंदा किफायतशीर होत नाही. मादीने दिलेल्या दहा पिलांपैकी किती जगली, यावर पालकाचा नफातोटा अवलंबून असतो. आणि दूध पिणाऱ्या पिलांच्या मृत्यूंपैकी बहुतांश मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच होतात. हे मृत्यू टाळण्याचा मार्ग औषधाच्या बाटलीपेक्षा मादीच्या आचळातून अधिक जातो, हे आता शास्त्राने स्पष्ट केले आहे.

चिकाचे महत्त्व

वराहाचे पिलू जन्मतः एक ते दीड किलो वजनाचे असते. त्याच्या अंगावर दाट केस नसतात आणि शरीरात चरबी जेमतेम एक ते दोन टक्के असते. शिवाय वराहाच्या वारेची रचनाच अशी असते की, आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजेच पिलू रोगप्रतिकारक शक्तीवाचून जगात येते. गाईच्या वासराचीही हीच स्थिती असते व म्हणूनच वासराला चीक पाजण्याची दक्षता आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या घेत आले आहेत. वराहाच्या पिलाबाबत मात्र ही दक्षता क्वचितच घेतली जाते.

मादीच्या चिकात प्रतिपिंडे विपुल असतात. पिलाचे आतडे ही प्रतिपिंडे आहेत तशी रक्तात शोषून घेऊ शकते. परंतु हे द्वार जन्मानंतर २४ ते ३६ तासांत बंद होते. दुसरीकडे, चिकातील प्रतिपिंडांचे प्रमाणही पहिल्या बारा तासांतच झपाट्याने घटते. पिलू जगण्यासाठी पहिल्या दिवसात किमान २०० ग्रॅम, तर त्याची निकोप वाढ होण्यासाठी सुमारे २५० ग्रॅम चीक त्याच्या पोटात जाणे इष्ट असते. दुसऱ्या दिवशी कितीही दूध पाजले, तरी ही उणीव भरून निघत नाही.

आतड्यातील वसाहत

जन्मताच पिलाच्या आतड्यात सूक्ष्मजीवांची वसाहत सुरू होते. जन्ममार्ग, आचळाची त्वचा, आईची विष्ठा आणि जमीन यांपासून हे जीव पोटात जातात. सर्वच सूक्ष्मजीव अपायकारक नसतात. दुधातील शर्करेवर वाढणारे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. नवजात पिलाच्या जठरात स्वतःचे आम्ल कमी असते. तेव्हा या आम्लामुळे रोगजंतूंच्या वाढीस आळा बसतो. शिवाय उपकारक जिवाणूंनी आतड्यातील जागा व अन्न आधीच व्यापले, की हगवण निर्माण करणाऱ्या ई. कोलाय जंतूंना पाय रोवणे कठीण जाते.

चीक ओसरल्यानंतरच्या दुधातही प्रतिपिंडे असतात. ती रक्तात शोषली जात नाहीत, तर आतड्याच्या अस्तरावर पहारेकऱ्यासारखी काम करतात. ज्या जंतूंशी मादीचा पूर्वी संबंध आला आहे, त्यांच्याविरुद्धच ती प्रतिपिंडे तयार करू शकते. म्हणून गाभण मादीला विण्याच्या आदल्या दिवशी नव्या जागी नेणे योग्य नव्हे. गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. त्यानुसार हिशेब करून किमान एक आठवडा आधी तिला स्वच्छ, कोरड्या प्रसूतिगृहात आणावे.

दूध तोडण्याचा काळ

दुसरा कसोटीचा क्षण दूध तोडतेवेळी येतो. आई दुरावते, दूध थांबते व आहार एकाएकी धान्याचा होतो. अशा वेळी अन्नरस शोषणारे आतड्यातील अंकुर आखडतात, दुधावर जगणारे जिवाणू घटतात आणि हगवण उद्भवते. यावर उपाय म्हणून अनेक देशांत खाद्यातून प्रतिजैविके देण्याची प्रथा पडली. तिच्यामुळे औषधांना दाद न देणारे जंतू वाढीस लागले व त्याची झळ मानवी आरोग्यालाही पोहोचू लागली. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास आणि २०२२ पासून औषधी प्रमाणात झिंक ऑक्साइड वापरण्यास मनाई केली. भारतानेही २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा खाद्योत्पादक प्राण्यांतील वापर बंद केला. यापुढे आतड्याचे आरोग्य आहारातूनच राखावे लागणार आहे.

पालकाने काय करावे?

१. मादी विण्याच्या वेळी कोणीतरी हजर असावे. प्रत्येक पिलू कोरडे पुसून, शक्य तितक्या लवकर, पहिल्या तासाभरातच आचळाला लावावे.

२. पिले अधिक असल्यास सशक्त पिले तासभर उबेत वेगळी ठेवावीत व दुर्बळ पिलांना आधी चीक पिऊ द्यावा.

३. पिलांच्या कोपऱ्यात पेंढ्याचा थर घालून सुरक्षित उंचीवर दिवा टांगावा. पहिल्या दिवसांत त्यांना सुमारे ३२ ते ३४ अंश सेल्सियस ऊब लागते. गारठलेले पिलू दूध ओढत नाही.

४. दुधातून लोह अत्यल्प मिळते. म्हणून तिसऱ्या दिवसाच्या सुमारास पशुवैद्यकाकडून लोहाचे इंजेक्शन द्यावे. सामान्यतः २०० मिलिग्रॅम मात्रा देतात.

५. दुसऱ्या आठवड्यापासून ताजे, पचण्यास हलके खाद्य थोडे थोडे द्यावे. घाईने दूध तोडू नये.

६. हगवण दिसताच मनाने औषध न देता पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.

या उपायांपैकी एकही खर्चिक नाही. आवश्यकता आहे ती वेळेवर लक्ष देण्याची. वराहपालन करणारी कुटुंबे बहुधा अल्पभूधारक वा भूमिहीन असतात. त्यांच्या दृष्टीने दगावलेली तीन-चार पिले म्हणजे अनेक महिन्यांची मिळकत होय. विस्तार अधिकाऱ्यांनी अनुदानाच्या अर्जाबरोबरच चिकाची माहिती द्यावी, शिक्षकांनी ती विज्ञानाच्या पाठास जोडावी आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत मांडावी. असे झाले, तर योजनेतून उभ्या राहिलेल्या गोठ्यांत पिलांची संख्याही टिकून राहील.