संगणकात अडकलेली तबकडी कशी काढावी?

पेरणीच्या दिवसांत तिफणीचा एखादा नळा चिखलाने तुंबला, तर जाणता शेतकरी तिफणीवर काठी आपटीत नाही. तो बैल थांबवितो, तिफण आडवी करतो, नळ्यात काडी घालून माती मोकळी करतो आणि पुन्हा तास धरतो. या कामास फार तर पाच मिनिटे लागतात. घाईने ठोकाठोक करणाऱ्याचा नळा मात्र फुटतो आणि वापसाही हातचा जातो. अवजार कोणतेही असो, त्याची रचना समजून घेऊनच त्यास हात लावावा, हा धडा शेतकऱ्यास नवा नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण तो विसरतो.

परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्यात कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या गावांतही संगणक आता नवलाईची वस्तू राहिलेला नाही. 2011 साली सुरू झालेल्या संग्राम प्रकल्पामुळे राज्यातील ग्रामपंचायतींत संगणक पोहोचले. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तथापि, त्या आधीच्या अनेक नोंदी आजही सीडी अथवा डीव्हीडी या तबकड्यांवरच आहेत. प्रशिक्षणाचे चित्रपट, शेततळ्यांची छायाचित्रे, बचत गटांचे जुने हिशेब अशा कितीतरी गोष्टी कपाटातील एखाद्या तबकडीवर असतात आणि पुष्कळदा त्यांची दुसरी प्रत कोठेही नसते.

अशी कल्पना करा की, पालम तालुक्यातील एका गावी शेतकरी गटाची बैठक भरली आहे. कर्जप्रकरणासाठी गटाचे मागील हिशेब उद्या बँकेत दाखवावयाचे आहेत. हिशेबाची तबकडी संगणकात घातली, थोडी फिरली, आणि तेवढ्यात वीज गेली. वीज परत आली, पण आता कितीही बटण दाबले तरी ट्रे बाहेर येत नाही. गटातील एक तरुण उत्साहाने पेचकस घेऊन पुढे सरसावतो. तेव्हा एखादे वडीलधारे गृहस्थ म्हणतात, “थांब रे बाबा. विहिरीत पोहरा पडला तर आपण विहीर खणून काढतो का? गळ टाकतोच ना?” तरुण म्हणतो, “काका, पण याला गळ कोठला?” असा गळ आहे. तो कोठे लावावा आणि कसा लावावा, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

यंत्राची रचना

तबकडीचा व्यास 12 सेंटिमीटर व जाडी 1.2 मिलिमीटर असते. ट्रे आत गेल्यावर ती एका लहान चकतीवर बसते आणि वरून चुंबकाची चिमटी तिला धरून ठेवते. खालून लेसरचा किरण तिच्यावरील बारीक नोंदी वाचतो. ट्रे आतबाहेर नेण्याचे काम एक छोटी मोटार करते. मोटारीची गती रबरी पट्ट्याच्या द्वारे दातेरी चाकांना मिळते आणि ती चाके ट्रे सरकवितात. पिठाच्या गिरणीचा पट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना समजण्यास अडचण पडू नये. ट्रे पूर्ण आत गेला म्हणजे एक खिट्टी त्यास आतून अडकविते. ती खिट्टी सुटल्याखेरीज ट्रे ओढून येत नाही. जोराने ओढल्यास दातेरी चाकांचे दातेच तुटतात.

तबकडी का अडकते?

याची प्रमुख कारणे पाच आहेत.

1. तबकडीवरील एखादी फाईल संगणकात उघडी असते. काम चालू असेतोवर संगणक तबकडी सोडीत नाही.

2. वीज गेलेली असते, किंवा ड्राइव्हला वीज पुरविणारी तार सैल झालेली असते. अशा वेळी बटण दाबल्यावर आवाजही येत नाही व दिवाही लागत नाही.

3. रबरी पट्टा जुना होऊन सैल पडतो, किंवा त्यावर धूळ बसून तो घसरतो. मोटारीची घरघर ऐकू येते, परंतु ट्रे हालत नाही. जुन्या ड्राइव्हमध्ये हा दोष नेहमी आढळतो. कापूस वेचणीच्या व मळणीच्या दिवसांत उडणारी धूळ त्यास हातभार लावते.

4. तबकडी आपल्या जागी नीट बसलेली नसते, चुकून दोन तबकड्या घातलेल्या असतात, किंवा तबकडीवर चिकटविलेला कागद सुटून आत अडकलेला असतो.

5. तबकडीस तडा गेलेला असतो. वेगवान ड्राइव्हमध्ये तबकडी मिनिटास सुमारे दहा हजार फेरे घेते. एवढ्या वेगात तडा गेलेली तबकडी फुटून तिचे तुकडे होऊ शकतात.

प्रथम काय करावे?

आधी साधे उपाय करून पाहावेत. तबकडीवरील सर्व फायली व त्या दाखविणारे कार्यक्रम बंद करावेत. नंतर संगणकाच्या पडद्यावर ‘धिस पीसी’ उघडून ड्राइव्हच्या चित्रावर माऊसचे उजवे बटण दाबावे व ‘इजेक्ट’ हा शब्द निवडावा. तेवढ्याने काम न झाल्यास संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि सुरू होत असतानाच ड्राइव्हचे बटण दाबावे. त्या क्षणी कोणताही कार्यक्रम तबकडी धरून बसलेला नसतो, म्हणून ट्रे पुष्कळदा सहज बाहेर येतो. मोटारीचा आवाज येत असून ट्रे किंचित हालत असेल, तर बटण दाबताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी ट्रेच्या कडेस हलका आधार द्यावा.

तारेचा गळ

वरील उपायांनी यश आले नाही, तर ड्राइव्हच्या दर्शनी भागाकडे नीट पाहावे. बटणाजवळ अथवा ट्रेच्या खाली टाचणीच्या डोक्याएवढे एक बारीक छिद्र दिसेल. ते उत्पादकाने याच प्रसंगासाठी ठेवलेले असते. यास वीज लागत नाही, म्हणून वीज नसतानाही हा उपाय करता येतो. तो पुढील क्रमाने करावा.

संगणक बंद करावा व त्याची तार भिंतीवरील खटक्यातून काढून घ्यावी. तबकडी फिरत असल्यास ती थांबण्यासाठी एक-दोन मिनिटे वाट पाहावी. कार्यालयात कागद एकत्र ठेवण्यासाठी वापरतात ती यू-पिन घेऊन तिचा एक पाय सरळ करावा. साधी टाचणी घेऊ नये. ती आखूड व टोकदार असल्याने आत निसटते. तार छिद्रात अगदी सरळ घालावी, तिरपी घालू नये. काही अंतर आत गेल्यावर ठेच लागल्याचे जाणवेल. तेथे सावकाश परंतु ठाम दाब द्यावा. खिट्टी सुटताच ट्रे थोडासा बाहेर येतो. मग तार काढून घ्यावी, ट्रेची कड बोटांनी धरावी आणि ट्रे समपातळीत, हळूहळू ओढावा. मध्येच अडल्यास जोर न करता थोडा आत लोटून पुन्हा ओढावा.

मांडीवरच्या संगणकात, म्हणजे लॅपटॉपमध्ये, ट्रे स्प्रिंगवर असतो. त्यामुळे तार टेकताच तो मोकळा होतो. तेथे तबकडी मधल्या चकतीवर घट्ट बसविलेली असते. चकतीवर अंगठा ठेवून तबकडीची कड उचलावी.

काय करू नये?

चाकू, पेचकस वा विळ्याचे टोक फटीत घालू नये. संगणकावर थापा मारू नयेत. बिजागरीस देतो तसे खोबरेल तेल आत सोडू नये. पट्टा अधिकच घसरतो आणि लेसरच्या भिंगावर डाग बसतो. वीज चालू असताना ड्राइव्ह उघडून आत डोकावू नये. सीडी वाचणारा लेसरकिरण डोळ्यांस जवळजवळ दिसत नाही, परंतु डोळ्यांस अपाय करू शकतो. दोन-तीन प्रयत्नांनंतरही ट्रे सुटला नाही, तर ड्राइव्ह कारागिराकडे द्यावी. त्यास स्पष्ट सांगावे की, ड्राइव्ह मोडली तरी चालेल, परंतु तबकडी वाचली पाहिजे. ड्राइव्ह दुसरी विकत मिळते. गटाचा हिशेब विकत मिळत नाही.

तबकडी हाती आल्यावर

ती कडेने धरावी व उजेडात पाहावी. तडा दिसल्यास पुन्हा यंत्रात घालू नये. धूळ असल्यास मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. तबकडीवरील नोंद गोल वेटोळ्यांत असते. आडवा ओरखडा नोंदीचा लहानसा अंश बिघडवितो व तो यंत्र भरून काढते. परंतु गोल ओरखडा नोंदीच्या मार्गानेच जातो आणि तिचा सलग भाग नष्ट करतो. सीडीची वरची, नाव लिहावयाची बाजूही जपावी. नोंदीचा थर त्याच बाजूस पातळ लेपाखाली असतो, म्हणून तेथे बॉलपेनने दाबून लिहू नये.

त्यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. तबकडी सुस्थितीत असेल, तर दुसऱ्या, चांगल्या ड्राइव्हवर लावून तिची नक्कल त्याच दिवशी करून घ्यावी. नव्या संगणकांत पुष्कळदा ड्राइव्हच नसते. तेथे बाहेरून जोडावयाची ड्राइव्ह वापरता येते. एका सीडीवर सुमारे 700 एमबी मजकूर मावतो. यावरून 16 जीबीच्या एका पेनड्राइव्हवर वीस भरलेल्या सीडींची नक्कल राहू शकते. अशा दोन प्रती कराव्यात. एक कार्यालयात ठेवावी व दुसरी अन्य सुरक्षित ठिकाणी.

आपल्या कल्पनेतील त्या गटाची तबकडी एका यू-पिनने सुटेल आणि उद्याचे बँकेचे कामही होईल. परंतु पुढच्या वेळी एवढ्यावर निभावेलच असे नाही. पुढील हंगामाचे सगळे बियाणे कोणी एकाच कणगीत ठेवीत नाही. कारण एका कणगीस भुंगा लागला, तर पेरणीच बुडते. गावाच्या नोंदीही त्याच दक्षतेने ठेवावयास हव्यात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यालयातील कपाट या आठवड्यातच उघडावे, जुन्या तबकड्यांची यादी करावी आणि ज्यांची दुसरी प्रत नाही त्यांपासून नकलेच्या कामास प्रारंभ करावा.