हवेवर चालणारा टाइपरायटर: एक टायपिस्ट, चार मशीन

व्हिडिओत मी ऑटो-टायपिस्टचा उल्लेख केला तो दोन मिनिटांत उरकला. पण त्या मशीनमध्ये धंद्याच्या दृष्टीनं बघण्यासारखं बरंच काही आहे, म्हणून ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी अडचण काय होती ते बघू. समजा तुम्ही १९३० च्या आसपास अमेरिकेत माल विकताय. पाचशे गिऱ्हाइकांना पत्र पाठवायचंय. सायक्लोस्टाइल करून पाठवलं तर स्वस्त पडतं, पण बघताक्षणी कळतं की हे परिपत्रक आहे, आणि ते थेट कचऱ्याच्या टोपलीत जातं. मजकूर छापून घ्यायचा आणि वर फक्त नाव टाइप करायचं, हाही मार्ग होता. पण नावाची शाई आणि मजकुराची शाई तंतोतंत जुळवणं महाकठीण. जरा फिकट-गडद झालं की पितळ उघडं! राहिला तिसरा मार्ग: प्रत्येक पत्र वेगळं टाइप करायचं. गिऱ्हाईक ते वाचतं, पण टायपिस्टच्या पगारात नफा जातो.

यावर उत्तर आलं ते एका पियानोवाल्याकडून. आहे की नाही गंमत?

त्या काळी अमेरिकेत प्लेअर पियानो जोरात चालायचा, म्हणजे आपोआप वाजणारा पियानो. त्यात कागदाचा एक लांबलचक रोल असायचा, त्यावर भोकं पाडलेली. जिथे भोक, तिथे सूर. मग घराघरात रेडिओ आला, १९२९ ची मंदी आली आणि या पियानोचा बाजार बसला. शिकागोमध्ये एम. शुल्झ नावाची पियानो बनवणारी कंपनी होती. तिच्याकडे या भोकांच्या कागदाचं तंत्र होतं, कारागीर होते, फक्त गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. पियानोची पट्टी दाबणारं यंत्र टाइपरायटरची कळ का दाबू शकणार नाही? त्यातूनच १९३० च्या दशकात अमेरिकन ऑटोमॅटिक टाइपरायटर कंपनीचं ‘ऑटो-टायपिस्ट’ पुढे आलं. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे त्यांनी टाइपरायटर बनवलाच नाही! बाजारात मिळणारा नेहमीचा टाइपरायटर घ्यायचा आणि आपल्या टेबलावर बसवायचा. टाइपरायटर बनवणाऱ्या बड्या कंपन्यांशी टक्कर घ्यायची वेळच आली नाही.

आता हे चालायचं कसं ते नीट समजून घ्या. सगळे म्हणतात ‘हवेच्या दाबावर चालणारं’, पण मशीन हवा फुंकत नाही, ओढून घेतं. विजेच्या मोटरवर एक पंप चालतो आणि तो आतल्या नळ्यांमधली हवा खेचत राहतो. कागदाचा रोल एका पट्टीवरून सरकतो. त्या पट्टीला ओळीनं छिद्रं असतात आणि कागदानं ती झाकलेली असतात. कागदावरचं भोक पट्टीवरच्या छिद्रावर आलं की बाहेरची हवा आत शिरते, एक झडप उचलली जाते, आणि त्या अक्षराचा छोटा भाता झटकन मिटतो. भाता मिटला की त्याला जोडलेली कळ खाली ओढली जाते. टक्! अक्षर उमटलं. लोहाराचा भाता बघितलाय ना? तसाच, पण बोटाएवढ्या कामासाठी, आणि प्रत्येक कळीला वेगळा.

म्हणजे कागदावर उमटणारं अक्षर खऱ्या टाइपरायटरचंच, खऱ्या रिबिनीचंच. नाव आणि मजकूर एकाच शाईत. मघाशी सांगितलेला शाई जुळवायचा प्रश्नच उरला नाही.

पण खरी हुशारी पुढे आहे. रोल बनवताना त्यात मुद्दाम थांबे ठेवता यायचे. टायपिस्ट कोरा कागद लावणार, तारीख, नाव, पत्ता हातानं टाइप करणार आणि बटण दाबणार. मशीन मजकूर टाइप करायला लागणार. जिथे गिऱ्हाइकाची रक्कम किंवा मालाचं नाव यायचं, तिथे मशीन आपोआप थांबणार. टायपिस्ट तेवढे दोन शब्द भरणार, परत बटण. आणि हे मशीन चालू असताना ती शेजारच्या मशीनवर दुसऱ्या पत्राचं नाव-पत्ता भरत असणार. अशी तीन-चार मशीन एकटी टायपिस्ट सांभाळायची.

हिशोब करून बघा. आकडे माझे, समजण्यापुरते. पत्र २०० शब्दांचं, टाइपिंगचा वेग मिनिटाला ४०. पूर्ण पत्र हातानं म्हणजे ५ मिनिटं. त्यातले हातानं भरायचे शब्द फक्त ३०, म्हणजे पाऊण मिनिट. उरलेली सव्वाचार मिनिटं तिचे हात मोकळे. कागद बदलायला वेळ धरला तरी चार मशीन का परवडायची ते कळेल.

पुढे बटणांची मॉडेल आली. एकाच रोलवर कित्येक परिच्छेद, प्रत्येकाला आपलं बटण. गिऱ्हाइकाचं पत्र वाचायचं, त्याला लागू पडणारे परिच्छेद निवडायचे, बस. अशाच जातीचं ‘रोबोटायपर’ नावाचं मशीनही होतं. मतदारांच्या पत्रांना उत्तरं द्यायला अमेरिकी काँग्रेसमध्येही अशी मशीन वापरली गेली.

तोटे नव्हते का? होते की. रोलमध्ये एक चूक झाली तर ती प्रत्येक पत्रात जाणार. मजकूर बदलायचा तर रोल पुन्हा बनवायचा. म्हणजे एकच मजकूर शेकडो वेळा लागत असेल तरच हे परवडणार, पाच-पंचवीस पत्रांसाठी नाही. १९६४ मध्ये आयबीएमनं चुंबकीय टेपवर मजकूर साठवणारा टाइपरायटर आणला. त्यात टेपवरचा मजकूर पुसून नवा भरता यायचा. तिथून भोकांच्या कागदाचे दिवस भरत आले.

आता तुम्ही म्हणाल, हे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणंच झालं की! त्याला वाटतंय खास माझ्यासाठी टाइप केलं, आणि इकडे मशीन खडखडतंय. माझं मत सांगतो. ‘आपली आठवण आली म्हणून लिहितोय’ असं रोलमध्ये घालून पाचशे जणांना पाठवलं, तर ती फसवणूकच. पण ‘तुमचे अमुक तारखेचे अमुक रुपये बाकी आहेत’ यातली तारीख आणि रक्कम कुणीतरी खातेवही उघडून, बघून भरली असेल, तर पत्र खरं आहे. मग बाकीचा मजकूर मशीननं टाइप केला म्हणून काय बिघडलं? आणि त्यात चुकीची रक्कम गेली, तर उधारी बाजूला राहते आणि गिऱ्हाईक तुटतं. म्हणून थांब्यावर बसणारी व्यक्ती महत्त्वाची, रोल नाही.

तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय आहेत ना, ते म्हणजे तुमचा रोलच. आज रात्री एक काम करा. गेल्या महिन्यातले गिऱ्हाइकांना पाठवलेले मेसेज वर सरकवत जा. जो मजकूर पुन्हा पुन्हा लिहिलाय तो क्विक रिप्लायमध्ये टाका. आणि जिथे नाव, रक्कम, तारीख, मालाचा नग येतो तिथे मोठ्ठी रिकामी जागा सोडा, म्हणजे न भरता पाठवायला गेलात तर तुमच्याच डोळ्यांत खुपेल.